युद्ध संपले, जमीन परतली नाही

हिंगोली हे एके काळी फौजेचे गाव होते, हे आज विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावे लागते. हैदराबाद कंटिन्जंट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सैन्याची छावणी एकोणिसाव्या शतकात येथे होती. हे सैन्य निजामाच्या खर्चाने पोसले जाई आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाने चाले. त्याच्या थकलेल्या खर्चापोटीच १८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत निजामाला इंग्रजांच्या हवाली करावा लागला. पुढे १९०३ मध्ये हे सैन्य हिंदी लष्करात विलीन झाले आणि येथील फौज उठली. फौज येते तेव्हा जमिनीचा उपयोग काय होणार, हे कागदावर नेमके ठरलेले असते. ती जाते तेव्हा त्या जमिनीचे काय व्हायचे, हे मात्र सहसा कोणी ठरविलेले नसते. हा प्रश्न एकट्या हिंगोलीचा नाही. त्याचे सर्वांत कटू उदाहरण आपल्याच राज्यात, कल्याणजवळ नेवाळी येथे पाहावयास मिळते.

शेजारच्या दोन जमिनी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याण परिसरात लष्कराने दोन मोठ्या गोष्टी उभ्या केल्या. एक सैनिकांची छावणी आणि दुसरी नेवाळीची धावपट्टी. युद्ध संपले आणि दोहोंचेही प्रयोजन संपले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना त्या छावणीतील बराकींत आसरा मिळाला. १९४९ मध्ये तिचे नाव उल्हासनगर झाले. बराकींतून दुकाने निघाली, दुकानांतून कारखाने निघाले आणि आज तेथे महानगरपालिका आहे. त्या शहराच्या रचनेविषयी तक्रारी पुष्कळ आहेत. पण जमीन माणसांच्या उपयोगी पडली, हे नाकारता येणार नाही.

नेवाळीच्या धावपट्टीचे नशीब वेगळे निघाले. आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांची सोळाशेहून अधिक एकर जमीन तिच्यासाठी गेली, असे सांगितले जाते. ही जमीन युद्धापुरती घेतली होती आणि नंतर ती परत मिळावयाची होती, असे शेतकऱ्यांचे म्हणणे. जमीन आमच्याच मालकीची आहे, असे संरक्षण खात्याचे म्हणणे. विमाने उतरत नव्हती, तेव्हा शेतकरी तेथे पिढ्यान्‌पिढ्या पिके घेत राहिले. अखेर नौदलाने कुंपणाची भिंत घालावयास घेतली आणि २२ जून २०१७ रोजी असंतोषाचा भडका उडाला. रस्ते अडले, पोलिसांची वाहने जळाली, छऱ्यांच्या बंदुका चालल्या, दोन्ही बाजूंचे लोक जखमी झाले. पंचाहत्तर वर्षांपूर्वी जो प्रश्न कागदावर मिटवावयास हवा होता, तो असा रस्त्यावर आला.

अधिग्रहण आणि संपादन

या वादाच्या मुळाशी दोन शब्दांचा फरक आहे. अधिग्रहणात सरकार जमिनीचा ताबा काही काळापुरता घेते. मालकी मूळ मालकाचीच राहते. संपादनात मालकीच सरकारकडे जाते. १९३९ च्या भारत संरक्षण कायद्याखालील नियमांनी सरकारला दोन्ही अधिकार दिले होते. युद्धाच्या धामधुमीत, निरक्षर शेतकऱ्यासमोर आलेला कागद यांपैकी कोणता होता, हे त्याला कोण समजावून सांगणार? त्याच्या ध्यानात राहिले ते तोंडी आश्वासन आणि सरकारच्या दप्तरात राहिली ती नोंद.

इंग्लंडमध्येही असाच प्रकार घडला होता. डॉर्सेट परगण्यातील क्रिचेल डाऊन येथे १९३८ मध्ये हवाई दलाच्या बाँबफेकीच्या सरावासाठी ७२५ एकर जमीन घेण्यात आली. युद्धानंतर ती मूळ मालकांकडे न जाता शेतकी खात्याकडे गेली. मालकांच्या वारसांनी दाद मागितली, जाहीर चौकशी झाली, अधिकाऱ्यांच्या वर्तनावर कडक ठपका आला आणि जुलै १९५४ मध्ये शेतकीमंत्री सर टॉमस डगडेल यांनी राजीनामा दिला. सक्तीने घेतलेली जमीन सरकारला नकोशी झाली की ती आधी मूळ मालकाला, चालू बाजारभावाने देऊ करावी, असा दंडक त्यातून पुढे तयार झाला.

यातील ‘चालू बाजारभावाने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. नेवाळीसारखी जमीन परत देण्याविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, संरक्षणाची गरज उद्या पुन्हा उद्भवू शकते. पण तशी गरज असेल तर ती जाहीरपणे मांडावी आणि आजच्या कायद्याने, आजचा मोबदला देऊन जमीन घ्यावी. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मुंबईच्या विस्तारामुळे या जमिनीचे मोल अनेक पटींनी वाढले आहे. ही वाढ ना शेतकऱ्याच्या श्रमाची, ना सरकारच्या. अर्थशास्त्रात तिला अनर्जित वाढ म्हणतात. जमीन फुकट परत दिली तर ही वाढ वारसांच्या हातून बांधकाम व्यावसायिकांच्या खिशात जाईल, ही भीती खोटी नाही. तिच्यावरचा उपाय मात्र परतीचा हक्कच नाकारणे हा नव्हे. संपादित जमिनीवर मूळ मालकाचा पहिला हक्क मानावा आणि वाढीव मोलाचा न्याय्य भाग समाजाने घ्यावा. जिथे केवळ अधिग्रहण झाले होते, तिथे तर विकत देण्याचा प्रश्नच उरत नाही. बंगळूरजवळची काही जमीन संरक्षण खात्याने १९६३ मध्ये अधिग्रहित केली होती. कायद्याची मुदत १९८७ मध्ये संपूनही ताबा सुटला नव्हता. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मालकांना परत करण्याचा आदेश दिला. मालमत्तेचा हक्क आज मूलभूत हक्क नसला, तरी तो घटनेने दिलेला मोलाचा हक्क आहे, असे न्यायालयाने बजावले.

आपल्या दारातला प्रश्न

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने या दिशेने एक पाऊल टाकले आहे. ताबा घेतल्यापासून पाच वर्षे जमीन वापराविना राहिली तर ती मूळ मालकाला किंवा सरकारच्या जमीन-पेढीला द्यावी, असे त्याचे कलम १०१ सांगते. मात्र हा ‘किंवा’ सारे सरकारच्या मर्जीवर सोडतो. शिवाय जमीन वापरली गेली आणि पुढे तिचा हेतूच संपला, तर काय, याचे उत्तर या कलमात नाही. नेवाळीचा प्रश्न नेमका तोच आहे.

हिंगोलीकरांनी याकडे लक्ष दिले पाहिजे. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची लायगो वेधशाळा उभारण्यास केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या आहेत. म्हणजे जमीनही तेवढीच लागणार. प्रकल्प देशाला भूषणावह आहे आणि तो यशस्वी व्हावा, हीच सर्वांची इच्छा आहे. पण कोणतीही वेधशाळा, छावणी वा धावपट्टी चिरकालाची नसते. म्हणून सार्वजनिक कामासाठी जमीन घेताना ती कोणत्या हेतूने, कोणत्या हक्काने आणि तो हेतू संपल्यावर कोणाला द्यावयाची, या तीन गोष्टी मराठीत लिहून, ग्रामसभेत वाचून दाखवून, तिची प्रत तलाठ्याच्या दप्तरात ठेवली पाहिजे. याला सरकारी तिजोरीतून काहीही खर्च येत नाही. न केल्याचा खर्च किती येतो, हे नेवाळीने दाखवून दिले आहे.