वाचनालयातली नोकरी : आधी काय शिकायचं, काय विचारायचं



नोकरी म्हटलं की आपल्याकडे अंगणवाडी, आशाताई, फार तर शिलाईचं काम, इथवरच बोलणं जातं. वाचनालयाचं नाव कुणी घेत नाही. तिथं काय, पेपर मांडायचे आणि धूळ झटकायची, असं आपल्याला वाटतं. म्हणून आज आम्ही याच कामाबद्दल बोलणार आहोत. गटातल्या कितीतरी लेकीसुना बारावी झालेल्या आहेत, काही पदवीधर आहेत, आणि त्यांना हे दार माहीतच नसतं.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्याखाली शासन गावोगावच्या वाचनालयांना मान्यता आणि अनुदान देतं. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. खेड्यातलं लहान वाचनालय बहुधा ड वर्गातलं. इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. अनुदान सरकारचं असलं, तरी वाचनालय चालवते ती संस्था, आणि माणूस नेमते तीही संस्थाच. म्हणजे ही सरकारी नोकरी नव्हे. अनुदान हप्त्यांनी येतं, पगार त्यातूनच निघतो, आणि लहान वाचनालयात तो इतका थोडा असतो की त्यावर घर चालत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. तरीही आम्ही म्हणतो, सुरुवात इथूनच करावी. दिवसाचे काही तास, गावातल्या गावात, आणि काम हाताखालून जातं.

काम असतं तरी काय? नवीन पुस्तक आलं की ते दाखल नोंदवहीत चढवायचं, त्यावर दाखल अंक घालायचा, शिक्का मारायचा. मग त्याचं वर्गीकरण. आपण फडताळात डाळींचे डबे एका ओळीत आणि मसाल्याचे दुसऱ्या ओळीत ठेवतो, म्हणून अंधारातही हात बरोबर जिऱ्यावर पडतो. पुस्तकांचंही तसंच. अमेरिकेतल्या मेल्विल ड्युई यांनी १८७६ साली पुस्तकांसाठी आकड्यांची पद्धत काढली. तीत शेतीला ६३०, स्वयंपाकाला ६४१.५, मराठी साहित्याला ८९१.४६. आकडा पाठीवर चिकटवला की पुस्तकाला आपली जागा मिळाली. त्यानंतर देवघेव, वर्गणीचा हिशेब, वाळवीवर नजर, आणि फाटक्या पुस्तकांची डागडुजी. बचत गटाची वही जिनं वर्षभर चोख ठेवली आहे, तिला यातलं निम्मं काम आजच येतं.

आपल्या देशातल्या या शास्त्राचे मोठे जाणकार म्हणजे डॉ. शि. रा. रंगनाथन. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांतला एक वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. मुलाखतीला जाताना ते पाचही समजून जा, नुसते पाठ करून नको.

आता शिक्षण. पहिली पायरी ग्रंथालय प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राची. हे वर्ग जिल्हा ग्रंथालय संघ चालवतो आणि परीक्षा शासनाच्या ग्रंथालय संचालनालयामार्फत होते. लहान वाचनालयासाठी ते पुरतं. पदवी झालेली असेल, तर एक वर्षाची ग्रंथालयशास्त्राची पदवी, म्हणजे बी. लिब., करता येते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून ती घरी अभ्यास करून होते. मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठातही हे शिक्षण आहे. पुढे एम. लिब. आणि त्यावर नेट किंवा सेट झालं, की महाविद्यालयातल्या ग्रंथपालाच्या जागेला अर्ज करता येतो. शाळांत आणि शासकीय ग्रंथालयांतही जागा असतात, पण त्या थोड्या, आणि जाहिरात निघेपर्यंत वाट पाहावी लागते. तोवर मराठी टंकलेखन आणि एमएस-सीआयटी करून ठेवा. पुस्तकांच्या नोंदी आता संगणकावर होतात, त्यासाठी ई-ग्रंथालय, कोहा अशा प्रणाली आहेत.

‘तीन महिन्यांत ग्रंथपाल व्हा, नोकरीची हमी’ असे फलक तालुक्याच्या गावी दिसतात. पैसे भरण्याआधी दोनच प्रश्न विचारायचे. परीक्षा कोण घेतं? प्रमाणपत्रावर सही कुणाची? उत्तर गुळमुळीत आलं तर पाठ फिरवायची. खात्री करायला जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांचं कार्यालय प्रत्येक जिल्ह्यात आहे. तिथं जायला ओळख लागत नाही. जागेसाठी कुणी देणगी मागितली, तर दागिना मोडण्याआधी गटात बोला. लहान वाचनालयाच्या पगारातून ते पैसे दहा वर्षांतही निघायचे नाहीत.

राज्य शासनाच्या भरतीत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे. वयाची अट साधारणपणे खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत. म्हणजे मुलं शाळेत जायला लागली की उशीर झाला, असं मुळीच नाही. बायकांचा अर्ज अडतो तो बहुतेक वेळा वेगळ्याच जागी, नावात. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. अर्जात गुणपत्रिकेवरचं नाव लिहा आणि बदललेल्या नावासाठी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जोडा. काही ठिकाणी राजपत्रातली नावबदलाची नोंद मागतात. ही कागदपत्रं जाहिरात निघाल्यावर नव्हे, आजच जमवायला घ्या. जातीचा दाखला आणि अधिवासाचा दाखला यांनाही वेळ लागतो.

आणखी एक. काम मिळालं की नेमणुकीचं पत्र लेखी मागा. तारीख, कामाची वेळ, पगार, सगळं त्यात हवं. पगारपत्रकावर सही करायची ती हातात आलेल्या रकमेपुरतीच. पगार बँकेतून घेतला तर उत्तम. ‘आत्ता सही करा, बाकीचं नंतर बघू’ असं कुणी म्हणालं, तर एकटीनं भांडू नका, चौघीजणी मिळून जा. वाचनालयाची वेळही आधीच विचारून घ्या. बरीच वाचनालयं संध्याकाळी उघडतात, आणि तीच घरची चूल पेटायची वेळ. त्या वेळी भाकरी कोण थापणार, हे अर्ज भरण्याआधी घरात ठरवून टाका.

विवाह नोंदणीचा दाखला ग्रामपंचायतीतून कसा काढायचा, ते पुढच्या वेळी सांगू. तोवर नमस्कार.