गाडी निघून गेल्यावर

तमिळनाडूतील वेल्लोर ते गुडियात्तम या रस्त्यावर शंभर वर्षांपूर्वी आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी झाडांखाली माणसे जमत. डॉ. आयडा स्कडर यांचा फिरता दवाखाना त्या दिवशी येतो, हे आसपासच्या गावांना पक्के ठाऊक असे. १९०६ च्या सुमारास सुरू झालेला हा उपक्रम आधी बैलगाडीतून आणि पुढे मोटारीतून चालला. खरूज, गळवे, हिवताप, आलेले डोळे, शिवाय गावाने वेशीबाहेर ठेवलेले कुष्ठरोगी. जखमा धुतल्या जात, पट्ट्या बदलल्या जात आणि गाडी पुढच्या झाडाकडे निघे.

स्कडर या अमेरिकी मिशनरी घराण्यातल्या. मिशनच्या अशा दवाखान्यांबरोबर धर्मोपदेशकही असत आणि ताटकळलेल्या रुग्णांना बायबलमधल्या गोष्टी सांगत. यात लपवाछपवी नव्हती. वैद्यकीय मिशनचा तो जाहीर हेतूच होता. त्याविषयी मत काहीही असो, डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर त्या दवाखान्याची खरी ताकद पुढच्या आठवड्यात पुन्हा येण्यात होती. बधिर झालेल्या पायाला खडा टोचलेला कळत नाही, माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. कुष्ठरोगात बोटे जातात ती मुख्यतः अशा दुर्लक्षित इजांमुळे, हे पुढे वेल्लोरमध्येच डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले. अशी जखम एका पट्टीने भरत नाही.

आज अमेरिकेतल्या अनेक चर्चचे गट ग्वाटेमाला, होंडुरास, हैती अशा देशांतील दुर्गम गावांत आठवडा-दोन आठवड्यांसाठी जातात. डॉक्टर, नर्स, स्वयंसेवक, औषधांच्या बॅगा, जोडीला प्रार्थना. हेतू बहुतेकांचा चांगलाच असतो. दात काढणे, जंताची गोळी देणे, चष्मा देणे ही कामे एका भेटीत होतातही. पण रक्तदाबाचे काय? एकदा मोजून महिन्याच्या गोळ्या दिल्या, तर एकतिसाव्या दिवशी रुग्ण होता तिथेच येतो. काही गोळ्या तर अचानक बंद केल्या की रक्तदाब आधीपेक्षाही वर उसळतो. जुना खोकला म्हणून थुंकी न तपासता दिलेले काही अँटिबायोटिक क्षयरोगाची लक्षणे थोडे दिवस दाबते आणि निदान लांबते. शस्त्रक्रियेनंतर टाक्यात पू झाला, तेव्हा शस्त्रक्रिया करणारा विमानात असतो.

औषधांचेही तसेच. दान केलेल्या औषधांची मुदत पोहोचल्यानंतर किमान एक वर्ष शिल्लक असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्येच सांगावे लागले. उरलेसुरले पाठवण्याची सवय त्यामागे होती.

प्रार्थनेचा प्रश्न याहून नाजूक आहे. औषधासाठी उन्हात दोन तास थांबलेली, कडेवर तापाचे मूल असलेली बाई "आधी मूल बघा, प्रार्थना नको" असे म्हणू शकते का? नाही म्हणण्याची मोकळीक नसेल, तर होकाराला अर्थ नाही. आपत्तीतील मदतकार्यासाठी रेडक्रॉस आणि इतर संस्थांनी १९९४ मध्ये केलेली आचारसंहिता मदत कोणत्याही धर्मस्वीकाराशी बांधू नये, असे स्पष्ट म्हणते. तपासणी आणि औषधे आधी, पूर्ण. बाकीचे नंतर, वेगळ्या जागी, ज्याला थांबायचे त्याने थांबावे. एवढे पाळणाऱ्या संघांवर फारसा आक्षेप घेता येणार नाही. प्रार्थनेने बरे वाटेल म्हणून गोळ्या सोडायला सांगणाऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी. ते घातकच, सांगणारा कोणत्याही धर्माचा असो.

बोट फक्त परदेशी चर्चकडे दाखवून चालणार नाही. गणेश मंडळाचे आरोग्य शिबिर, पुढाऱ्याच्या वाढदिवसाची मोफत तपासणी, यांतही पुढची तारीख क्वचितच असते. काही दिवसांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात म्हातारबाबा येतात, पिशवीतून कापलेल्या पट्टीतल्या चार गोळ्या काढतात आणि विचारतात, "साहेब, ह्या कशाच्या हो?" पट्टीवरचे नाव कापलेल्या भागाबरोबर गेलेले असते.

गावात येणाऱ्या कोणत्याही पथकाने आधी त्या केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला भेटावे. तिथे मिळत राहतील तीच औषधे सुरू करावीत. प्रत्येक रुग्णाच्या हातात त्याच्या भाषेत लिहिलेला कागद द्यावा. मोजलेला रक्तदाब, दिलेल्या गोळीचे नाव आणि गोळ्या संपल्यावर कुठे जायचे, इतके त्यावर असले की पुढचा डॉक्टर उपचार तिथूनच चालू ठेवू शकतो.