२२.३ या आकड्यातली दोन माणसं
शरीराचं मोजमाप : लेखांक ९

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात दोन डॉक्टरांचा शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापून आला. एक होते पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, तंतोतंत सारखा होता : २२.३. कुठल्याही तक्त्यात पाहिलं तरी दोघांचं वजन योग्य. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून या गोष्टीला ‘वाय-वाय विरोधाभास’ असं नाव पडलं. मागच्या लेखांकात आपण बीएमआयचं सूत्र कुठून आलं ते पाहिलं. बेल्जियमच्या केतले या खगोलशास्त्रज्ञाने ते १८३०च्या दशकात मांडलं, ते ‘सरासरी माणूस’ शोधण्यासाठी. एखाद्या रोग्याची तब्येत जोखणं हा त्याचा हेतू नव्हता. या वेळी प्रश्न थेट आहे. व्यायाम सुरू केला, खाणं बदललं, आता फरक पडतोय की नाही हे कशावरून ठरवायचं? माझं उत्तर असं की वजनकाट्यावरून ते ठरवता येत नाही, कारण काटा बेरीज सांगतो. हाडं, स्नायू, पाणी, चरबी, पोटात असलेलं अन्न या सगळ्यांची एक रक्कम तो समोर ठेवतो. आणि बेरीज कितीही अचूक असली तरी तिच्यावरून मूळ रकमा परत मिळत नाहीत.

ही अडचण आपल्याकडे जास्त गंभीर का आहे, हेही पुण्याच्याच कामातून कळतं. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास सुरू झाला. तिथल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली गेली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिथली साडेतीन किलोची. एवढा फरक असेल तर आपलं बाळ सगळ्याच बाबतींत त्या प्रमाणात लहान असायला हवं. तसं नव्हतं. स्नायू बरेच कमी होते, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार अशी ही ठेवण जन्मापासूनच दिसते. पुढे हेच मूल मोठं होऊन खुर्चीवर बसून काम करू लागतं, तेव्हा वाढणारं वजन आधी पोटात जमतं. पोटातल्या आतड्यांभोवतीची आणि यकृतात शिरलेली चरबी त्वचेखालच्या चरबीसारखी निमूट पडून राहत नाही. ती इन्सुलिनचं काम अडवते आणि यकृताला साखर व चरबी रक्तात सोडायला लावते. स्नायूंचं काम याच्या उलट आहे. जेवणानंतर रक्तात उतरलेल्या साखरेचा मोठा वाटा तेच उचलतात. म्हणजे साठवणारं कोठार लहान आणि बिघाड करणारा भाग मोठा, अशी दुहेरी अडचण. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची सुरक्षित मर्यादा २५ऐवजी २३वर आणली गेली. पण मर्यादा खाली आणून मूळ दोष जात नाही. २२.३ हा आकडा २३च्याही आतच आहे.

मग पहिलं मोजमाप कमरेच्या घेराचं. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. दुसरा सोपा हिशेब म्हणजे घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. पद्धत मात्र नीट पाळावी लागते. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, उघड्या अंगावर, जमिनीला समांतर टेप धरायची. श्वास सहज सोडून झाल्यावर, पोट आत न ओढता. पँटचा नंबर म्हणजे घेर नव्हे, हे इथे ठासून सांगायला हवं. पोट सुटत गेलं की पँट हळूहळू पोटाखाली सरकते, आणि माणूस वर्षानुवर्षं तोच नंबर घालत राहतो. परकराच्या आणि सलवारच्या नाडीचंही तेच, ती गाठीगाठीने सैल होत जाते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. टेप हे साधं, जुनं साधन आहे, पण पोटातल्या चरबीबद्दल ते वजनकाट्यापेक्षा कितीतरी जास्त सांगतं.

काटा रोज वर-खाली का होतो, हेही थोडक्यात पाहू. यकृत आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन नावाची साखर साठलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. भात-पोळी अचानक बंद केली की हा साठा वापरला जातो आणि पाणी बाहेर पडतं. पहिल्या आठवड्यात ‘दोन किलो उतरले’ म्हणतात त्यात बराचसा भाग याचा असतो. जास्त मीठ खाल्लं, मासिक पाळी जवळ आली, आदल्या दिवशी जड व्यायाम झाला, की उलट पाणी धरून ठेवलं जातं. यात नुसत्या निराशेचा प्रश्न नाही, त्याहून मोठं नुकसान पुढे होतं. केवळ खाणं तोडून वजन घटवलं तर उतरलेल्या वजनाचा साधारण पाव हिस्सा स्नायू आणि इतर चरबीविरहित भागाचा असतो. ज्याच्याकडे मुळातच स्नायू कमी आहेत त्याने असे पाच किलो उतरवले तर काटा शाबासकी देईल, पण साखर साठवायची जागा आणखी आकसलेली असेल. काट्यावर जी प्रगती दिसते ती शरीरात अधोगती असू शकते, आणि माझ्या मते वजनालाच एकमेव निकाल मानण्याविरुद्धचा हा सर्वांत गंभीर मुद्दा आहे.

वजन हललं नाही म्हणजे काही झालंच नाही, हा समज तर पुराव्यानेच खोटा ठरलेला आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांवर तीन वर्षं केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. काहींना फक्त नेहमीचा सल्ला दिला. काहींना आहार आणि चालण्याफिरण्याचं पक्कं मार्गदर्शन दिलं. उरलेल्यांना गोळी, किंवा गोळी आणि मार्गदर्शन दोन्ही. तीन वर्षांत नेहमीच्या सल्ल्याच्या गटातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, मार्गदर्शनाच्या गटात ३९.३ टक्क्यांना. धोका २८.५ टक्क्यांनी घटला. आणि या गटाचं सरासरी वजन जवळजवळ जिथल्या तिथेच होतं. त्या तीन वर्षांत एखाद्याने दर महिन्याला नुसता काटा पाहिला असता तर ‘उपयोग नाही’ असं म्हणून सगळं सोडून दिलं असतं, आणि नेमका तेव्हाच त्याचा मधुमेह टळत होता. अशी किती माणसं काट्याकडे पाहून चालणं सोडत असतील, हा विचार अस्वस्थ करणारा आहे.

दुसरं मोजमाप ताकदीचं. भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांची हाताची पकड मोजून त्यांच्याकडे सरासरी चार वर्षं लक्ष ठेवलेला ‘प्युअर’ हा अभ्यास २०१५ साली आला. पकड पाच किलोने कमी असली तर कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याचा धोका १६ टक्क्यांनी जास्त आढळला, आणि हा अंदाज वरच्या रक्तदाबापेक्षाही चांगला ठरला. पकड मोजायचं यंत्र घरोघरी नसतं, हे खरं. पण रिओ द जानेरोच्या डॉ. क्लाउडिओ गिल अराउजो यांनी वापरलेली चाचणी तर आपल्या अंगणातलीच आहे. जमिनीवर बसायचं आणि उठायचं. बसण्याला पाच गुण, उठण्याला पाच. हात, गुडघा, मांडी कशाचाही टेकू घेतला की प्रत्येकी एक गुण वजा. ५१ ते ८० वयाच्या २,००२ लोकांमध्ये ज्यांना तीन किंवा त्याहून कमी गुण मिळाले, त्यांच्यात आठ ते दहा गुण मिळवणाऱ्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण पाच-सहा पट होतं. पाटावर पंगतीला बसणाऱ्या, देवघरासमोर मांडी घालणाऱ्या, जमिनीवर भाजी निवडणाऱ्या घरांत ही परीक्षा दिवसातून दहादा व्हायची आणि तीच तिची तयारीही असायची. जेवणाचं टेबल आल्यावर परीक्षा गेली आणि सरावही गेला. संधिवात असलेल्यांनी किंवा गुडघा बदललेल्यांनी ही चाचणी करू नये. त्यांच्यासाठी खुर्ची आहे. हात छातीशी बांधून खुर्चीवरून सलग पाच वेळा उठायचं-बसायचं. आशियाई वृद्धांसाठीच्या निकषांनुसार याला १२ सेकंद किंवा जास्त लागत असतील तर स्नायू कमकुवत झाल्याची शंका घ्यावी.

इथे कुणी म्हणेल, ज्यांना उठता येत नाही ते आधीच आजारी असतात. चाचणी मृत्यूचं कारण नाही, लक्षण आहे. आक्षेप बरोबर आहे आणि तो मान्य करायला हवा. नुसती पकड घट्ट करून आयुष्य वाढतं असं या अभ्यासांनी सिद्ध केलेलं नाही. पण प्रगती मोजायला लक्षणच लागतं. ताप हा आजार नव्हे, तरी आजार उतरतोय का हे आपण थर्मामीटरनेच पाहतो. शिवाय या चाचणीत सुधारणा व्हायची तर मांड्या, कंबर, तोल आणि सांधे सगळ्यांनाच काम करावं लागतं. उपाशी राहून किंवा पाणी कमी पिऊन ती फसवता येत नाही. काटा मात्र तसा सहज फसतो.

तिसरं मोजमाप दमाचं, आणि त्याचा इतिहास लंडनच्या दुमजली बसमध्ये सुरू होतो. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवलं की दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा बसचे जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकाराचा त्रास कमी होतो. कंडक्टर दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढत. पुढे मॉरिस यांनी गणवेशाच्या मापांच्या नोंदी मागवल्या. ड्रायव्हरांच्या पँटची कंबर मोठी निघाली. पण सगळा फरक कंबरेने समजावता आला नाही. कंडक्टर सडपातळ असो, मध्यम असो की पोट सुटलेला, हृदयविकाराने अचानक मृत्यू येण्याचा धोका त्याला कमीच होता. म्हणजे टेपसुद्धा पूर्ण गोष्ट सांगत नाही. ओळखीचा एखादा जिना किंवा चढ ठरवावा आणि महिन्याने पाहावं, तेवढाच चढून बोलता येतं का, श्वास किती वेळात ताळ्यावर येतो. सकाळी उठल्यावर अंथरुणातच मोजलेली नाडी काही महिन्यांत चार-पाच ठोक्यांनी उतरली तर तीही प्रगतीच.

आता सगळ्यांत वजनदार आक्षेप. वजनाला इतकं खाली ढकलणं धोक्याचं नाही का? ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या चाचणीत, मधुमेह झालेल्या ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलं त्यांतल्या ८६ टक्क्यांचा मधुमेह वर्षभरात औषधांशिवाय आटोक्यात आला. अमेरिकेतल्या मधुमेह-प्रतिबंधाच्या अभ्यासात वजन घटवून धोका ५८ टक्क्यांनी उतरला, चेन्नईतल्या घटीच्या दुप्पट. हे आकडे झाकून ठेवणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. ज्याचं वजन खरोखर खूप आहे, ज्याचे गुडघे तो भार सोसताहेत, त्याला काटा हवाच. हृदय कमकुवत असलेल्या रुग्णाचं वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोंनी वाढलं तर ते अंगात पाणी साठल्याचं लक्षण असतं आणि त्याने लगेच डॉक्टरांना कळवायला हवं. माझं म्हणणं वजन मोजू नका असं नाही. वजन मोजा, पण आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, आणि महिन्याभराच्या नोंदीचा कल पाहा. निकाल मात्र घेर, ताकद आणि दम यांच्यासोबतच लावा. घेर उतरला आणि वजन स्थिर राहिलं, तर चरबी जाऊन स्नायू आल्याची शक्यता मोठी. वजन उतरलं आणि खुर्चीवरून उठायला जास्त वेळ लागू लागला, तर आहारातली डाळ, दूध, अंडी आणि वजन उचलायचे व्यायाम यांचा विचार त्याच आठवड्यात करायला हवा.

नव्या यंत्रांचा मोह आवरायला हवा. पायातून सौम्य वीज सोडून चरबीची टक्केवारी दाखवणारे काटे शरीरातल्या पाण्याप्रमाणे आकडा बदलतात. मनगटावरच्या घड्याळात दहा हजार पावलं हे लक्ष्य असतं, ते १९६५च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलं. प्रयोगशाळेच्या आकड्यांचीही मर्यादा असते. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी ही तपासणी लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या अॅनिमियात खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते, आणि आपल्या देशात निम्म्याहून जास्त स्त्रियांना अॅनिमिया आहे. एका आकड्यावर विसंबू नये हा नियम काट्याइतकाच या सगळ्यांना लागू आहे.

एवढी मोजमापं सामान्य माणसाने करायची तरी कशी, असं कुणी विचारेल. शिंप्याकडची टेप, एक खुर्ची, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि एक वही. खर्च काट्यापेक्षा कमी आहे. अडचण सवयीची आहे. बहुतेक दवाखान्यांत आत शिरताच वजन होतं आणि ते केसपेपरवर लिहिलं जातं; कमरेच्या घेरासाठी केसपेपरवर जागाच नसते. मात्र गावोगावी तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची तपासणी-यादी भरणाऱ्या आशाताईंच्या फॉर्ममध्ये तो रकाना आहे. तंबाखू, दारू, व्यायाम, घरातले आजार यांच्याबरोबर कमरेचा घेर सेंटिमीटरमध्ये नोंदवला जातो आणि त्याला गुण दिले जातात. स्त्रीचा घेर ८०च्या वर गेला किंवा पुरुषाचा ९०च्या वर गेला की गुण वाढतात. वजनाचा रकाना त्या गुणांच्या हिशेबात नाही.

पुढील लेखांकात : स्नायू कसे वाढतात आणि साठीनंतरही का वाढू शकतात.