‘मी रोबोट नाही’ हे अजून किती वेळा सांगायचं?

दिवाळीच्या सुट्टीत सिन्नरला घरी गेले होते. शेजारच्या काकू बिडीकाम करतात. त्यांना एका योजनेचा ऑनलाइन फॉर्म भरायचा होता, म्हणून त्यांच्याबरोबर सेवा केंद्रात गेले. पंधरा-वीस बायका रांगेत, केंद्रात एकच कम्प्युटर आणि केंद्रचालक दादा घामाघूम. काकूंचा नंबर आला. आधार क्रमांक टाकला, खाली वाकड्यातिकड्या सहा अक्षरांचं चित्र आलं. दादांनी अक्षरं टाकली. ‘अवैध कॅप्चा’. पुन्हा टाकली. पुन्हा तेच. असं पाच वेळा झालं. दादांचं टायपिंग चुकत नव्हतं, मी शेजारी उभी राहून बघत होते.

काकू वैतागून मला म्हणाल्या, “अगं पोरी, तू एवढं कम्प्युटरचं शिकलीस ना? मग सांग की त्याला, मी माणूसच हाय म्हणून!”

माझ्या पीएचडीचा विषय नेमका हाच आहे: एखादी वेबसाइट माणूस आणि प्रोग्रॅम यांच्यात फरक कसा करते, आणि ते करताना ती कुठे चुकते. त्यामुळे त्या दिवशी मला जरा लाजच वाटली. काकूंच्या फॉर्मचं काय झालं ते पुढे सांगते. आधी ही भानगड मुळात काय आहे ते बघू.

‘कॅप्चा’ हा शब्द अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी रूढ केला. लुईस फॉन आन, मॅन्युएल ब्लम, निकोलस हॉपर आणि जॉन लँगफर्ड यांचा त्यावरचा निबंध २००३ चा. कल्पना साधी होती. माणसाला सोपं आणि कम्प्युटरला अवघड असं एक कोडं घालायचं. सुटलं तर माणूस, नाही तर बॉट. बॉट म्हणजे माणसासारखं वेबसाइटवर फिरणारा, फॉर्म भरणारा प्रोग्रॅम. त्या काळात वेडीवाकडी अक्षरं वाचणं कम्प्युटरला खरंच जमत नव्हतं.

आज परिस्थिती बरोबर उलटी झाली आहे. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन इथल्या विद्यापीठातल्या गटाने २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १,४०० माणसांकडून त्यांनी १४,००० कॅप्चा सोडवून घेतले. वाकड्या अक्षरांच्या कॅप्चाला माणसांना साधारण ९ ते १५ सेकंद लागले आणि उत्तरं बरोबर येण्याचं प्रमाण ५० ते ८४ टक्के होतं. आधीच्या संशोधनातल्या बॉटचे आकडे त्यांनी शेजारी ठेवले: एका सेकंदापेक्षा कमी वेळ आणि ९९.८ टक्के अचूकता. म्हणजे सहाच्या सहा अक्षरं पटकन आणि बिनचूक टाकणारा ‘माणूस’ दिसला, तर संशय त्याच्यावरच घ्यायला हवा!

भाषेचा मुद्दाही आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांना २०१० मध्येच दिसलं होतं की ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही ते लोक कॅप्चा सोडवायला जास्त वेळ घेतात आणि इंग्रजीवर बेतलेल्या कॅप्चात जास्त चुकतात. ऐकून लिहायचे कॅप्चा तर सगळ्यांनाच जड गेले, आणि ते असतात मुख्यतः ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. चित्रांच्या कोड्यांचंही तेच. ‘फायर हायड्रंट असलेले चौकोन निवडा.’ सिन्नरच्या बसस्टँडपासून गोंदेश्वराच्या देवळापर्यंत चालत गेलात तरी तसला लाल ठोकळा रस्त्याकडेला भेटायचा नाही. आपण तो ओळखायला शिकलो ते हे कॅप्चा सोडवूनच.

मग ही कोडी अजून का घालतात? इथे दोन वेगळ्या जातीचे कॅप्चा आहेत, आणि ते वेगळे ओळखता आले की तुमचा निम्मा त्रास कमी होईल.

पहिली जात जुनी. अक्षरांचं किंवा बेरीज-वजाबाकीचं चित्र, त्याखाली एक रिकामी चौकट. सरकारी पोर्टलांवर बहुधा हीच असते. हिला तुमच्याबद्दल काहीही माहीत नसतं. सर्व्हर चित्र तयार करतो, त्याचं उत्तर तुमच्या त्या भेटीच्या नोंदीत, म्हणजे सेशनमध्ये, लिहून ठेवतो आणि तुमचं उत्तर त्याच्याशी ताडून बघतो. बस्स. इथे बरोबर लिहूनही पुन्हा पुन्हा ‘अवैध’ येत असेल, तर बहुतेक वेळा घोटाळा अक्षरांत नसून त्या नोंदीत असतो. पान बराच वेळ उघडं राहिलं, नोंद संपली. ‘बॅक’ दाबून मागे आलात, ब्राउझरने जुनंच चित्र दाखवलं आणि सर्व्हरकडे मात्र उत्तर नव्या चित्राचं आहे. किंवा तीच साइट दोन टॅबमध्ये उघडी आहे. दुसऱ्या टॅबने नवीन चित्र मागितलं की पहिल्याचं उत्तर पुसलं जातं.

काकूंच्या बाबतीत अगदी हेच झालं होतं. वेळ वाचवायला दादांनी पुढच्या बाईचा फॉर्म दुसऱ्या टॅबमध्ये आधीच उघडून ठेवला होता. ते पान काही वेळाने आपोआप ताजं होत होतं आणि दर वेळी काकूंचं उत्तर खोटं ठरत होतं. सगळे टॅब बंद केले, नव्याने पान उघडलं आणि पहिल्या झटक्यात ओटीपी आला. दादा म्हणाले, “ताई, हे मला सहा महिन्यांत कुणीच सांगितलं नाही.” खरंय. पानावर नुसतं ‘अवैध कॅप्चा’ लिहून येतं, ‘सेशन संपलं’ असं नाही. एका ओळीचा फरक आहे, पण काकूंचा अर्धा दिवस त्यात गेला, आणि बिडीकामाची मजुरी हजारी मोजली जाते. बिड्या वळल्या नाहीत तर पैसे नाहीत.

आता दुसरी जात. ‘मी रोबोट नाही’ अशी चौकट, त्यावर टिक करायची. कधी नुसत्या टिकवर भागतं, कधी सिग्नल, बस, जिने निवडत बसावं लागतं. गुगलने हा प्रकार डिसेंबर २०१४ मध्ये आणला. २०१८ च्या आवृत्तीत तर कोडंच काढून टाकलं. मागच्या मागे तुम्हाला ० ते १ मधला एक गुण दिला जातो. १ च्या जवळ असाल तर माणूस, ० च्या जवळ असाल तर बॉट.

इथे खरी परीक्षा चित्रांची नसतेच. तुम्ही टिक करेपर्यंत निकाल बराचसा ठरलेला असतो. ब्राउझर कोणता, त्यात जुन्या कुकीज आहेत का, इंटरनेटचा पत्ता कोणता, त्या पत्त्यावरून आत्ता काय काय चाललंय, याची गोळाबेरीज आधीच झालेली असते. कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की एखादी गुगलची कुकी नुसती ९ दिवस जुनी झाली, तिने कुठेही ब्राउझिंग केलेलं नसलं, तरी नुसत्या टिकवर काम व्हायला लागतं. नऊ दिवस मुरलेल्या लोणच्यासारखं! २०२४ मध्ये झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या संशोधकांनी चित्रांची कोडी प्रोग्रॅमकडून १०० टक्के सोडवून दाखवली, आणि त्यांनाही हेच दिसलं की किती कोडी येणार हे कुकीज आणि ब्राउझरच्या इतिहासावर बरंच अवलंबून आहे.

म्हणजे बघा, ज्याच्याकडे स्वतःचा लॅपटॉप, घरचं वायफाय आणि वर्षानुवर्षं एकच ब्राउझर आहे, त्याला टिक पुरते. आणि ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याला?

मोबाइल डेटाचंच घ्या. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे पत्ते एकूण साधारण ४२९ कोटी आहेत. जगाला ते केव्हाच कमी पडले. म्हणून मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना बाहेरच्या जगात एकच पत्ता वाटून देतात. याला कॅरिअर ग्रेड नॅट म्हणतात. वाड्यातल्या वीस बिऱ्हाडांचा पोस्टाचा पत्ता एकच असावा, तसं. त्यातल्या एकाने उचापत केली की पोस्टमन सगळ्या वाड्याकडेच संशयाने बघणार. क्लाउडफ्लेअर या कंपनीने २०२५ मध्ये स्वतःच्याच आकडेवारीवरून लिहिलं की अशा वाटून घेतलेल्या पत्त्यांवरच्या लोकांना इतरांपेक्षा जवळपास तिप्पट वेळा रोखलं जातं, तिथे बॉटचं प्रमाण जास्त नसूनही. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत पत्त्यांची टंचाई नाही, पण समोरची साइट जुन्याच पत्त्यावर असेल तर तुम्ही परत वाड्यातच.

सेवा केंद्राची गोष्ट तर याहून मजेशीर (की वाईट?) आहे. एकच कम्प्युटर, एकच पत्ता, आणि दिवसभरात चाळीस वेगवेगळ्या आधार क्रमांकांनी, एकापाठोपाठ एक, तेच रकाने भरले जाताहेत. सर्व्हरच्या बाजूने बघितलं तर बॉट हुबेहूब असाच दिसतो. दादा जितके तरबेज, तितके रोबोटसारखे. आणि अशी केंद्रं म्हणजे काही अपवाद नव्हेत. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तिची रचना आठवा: आधी स्वतःचा आधार क्रमांक, कॅप्चा, ओटीपी, मग पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, पुन्हा कॅप्चा, पुन्हा ओटीपी. एका बाईमागे दोन कॅप्चा, तेही सगळं पहिल्या फटक्यात जमलं तर.

कॅप्चा नकोच, असं मी म्हणत नाहीये. बॉटचा त्रास खरा आहे. जून २०२५ मध्ये रेल्वेने सांगितलं की तात्काळ बुकिंग उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनचे निम्म्यापर्यंत प्रयत्न बॉटचे असतात; २.५ कोटी संशयास्पद खाती त्यांनी बंद केली. २०२१ मध्ये कोविन पोर्टलवर लसीचे स्लॉट पकडायला लोकांनी प्रोग्रॅम लिहिले, तेव्हा तिथेही कॅप्चा बसवावा लागला. अडवायला काहीतरी हवंच.

पण पैसे मोजणाऱ्याला कॅप्चा अडवतच नाही. सॅन दिएगोच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये कॅप्चा सोडवून देणाऱ्या सेवांचा बाजार तपासला. हजार कॅप्चांचा भाव साधारण एक डॉलर किंवा त्याहून कमी होता. सोडवणारी माणसंच होती, कमी मजुरीच्या देशांत बसलेली. भारतही त्यात आला. हजारावर मजुरी, बिडीसारखीच. हा निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा मला काकूच आठवल्या होत्या.

असो. तुमच्यासमोर पुन्हा पुन्हा कोडं येत असेल तर काय करायचं? अक्षरांच्या कॅप्चाला साइट एकाच टॅबमध्ये ठेवा, ‘बॅक’ वापरू नका, आधी बाकीचे सगळे रकाने भरा आणि शेवटी चित्राशेजारचं गोल बाणाचं चिन्ह दाबून नवीन चित्र घ्या, मगच अक्षरं टाका. लहान-मोठी लिपी जशीच्या तशी. शून्य आणि ओ यांत शंका आली तर डोकं लावू नका, सरळ दुसरं चित्र मागा. टिकवाल्या प्रकारात व्हीपीएन चालू असेल तर बंद करा, इनकॉग्निटो टाळा, कुकीज दर वेळी पुसू नका. फोनची तारीख-वेळ चुकीची असेल तर सुरक्षित जोडणीच धड होत नाही, तीही बघा. मोबाइल डेटावर अडकलात तर एअरप्लेन मोड अर्धा मिनिट चालू करून बंद करा. बऱ्याचदा वेगळा पत्ता मिळतो. टिक केल्यावर चहाला जाऊ नका, गुगलच्या कॅप्चाची टिक दोनच मिनिटं चालते. आणि चिडून भराभर रीलोड करू नका. मीसुद्धा करते, पण त्याने संशय वाढतोच.

कुकीज न पुसण्याचा सल्ला देताना मला थोडं खटकतं, हेही सांगते. माणूस म्हणून ओळखलं जायचं असेल तर माग ठेवू द्या, असाच त्याचा अर्थ होतो. सेवा केंद्राच्या कम्प्युटरवर तर हा सल्ला पाळूच नका. तिथे काम झालं की लॉगआउट करा, मग पुढच्याला कोडं जास्त आलं तरी चालेल.

एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. २०२४ पासून खोट्या कॅप्चांचा सुळसुळाट झालाय. पान अगदी खऱ्यासारखं दिसतं, आणि ‘माणूस असल्याचं सिद्ध करण्यासाठी’ कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर, असं सांगतं. असं केलंत की त्या पानाने गुपचूप कॉपी करून ठेवलेली आज्ञा तुम्ही स्वतःच्या हाताने कम्प्युटरला देता, आणि पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम आत येतो. खरा कॅप्चा ब्राउझरच्या बाहेर काहीही करायला सांगत नाही. कुठलीही फाइल उतरवायला लावत नाही, नोटिफिकेशनला ‘अलाउ’ म्हणा असंही सांगत नाही.

हे मी दादांना सांगितलं तेव्हा त्यांनी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलं: ‘एकच टॅब. विंडोज+आर नाही.’ काकूंनी विचारलं, “हे काय लिवलंय?” दादा म्हणाले, “काकू, तुमचा फॉर्म का अडला होता, ते.”