पाण्याला जागा देणारं घर

पॅरिसच्या नैर्ऋत्येला साधारण ५० किलोमीटरवर सँ-आर्नू-आं-इव्हलीन हे गाव आहे. तिथे रेमार्द नावाच्या छोट्या नदीवर व्हिलनव्हची जुनी पाणचक्की उभी आहे. कवी लुई आरागाँ यांनी १९५१ साली ती पत्नी एल्झा त्रिओले यांच्यासाठी विकत घेतली. एल्झा मूळच्या मॉस्कोच्या, आणि प्रतिष्ठेचा गोंकूर पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या लेखिका. परदेशातून आलेल्या या बाईला फ्रान्सच्या मातीचा एक हक्काचा तुकडा मिळावा, ही आरागाँ यांची इच्छा होती.

पाणचक्कीचं घर करणं सोपं नसतं, कारण मुळात ती माणसांसाठी बांधलेलीच नसते. इमारत असते यंत्राच्या मापाची. नदीवर बंधारा घालून पाणी पाटात वळवायचं, झडप उचलून ते चाकावर सोडायचं. चाकाचा आस भिंतीतून आत येतो आणि दात्यांच्या चाकांची जोडी त्याची आडवी गती उभ्या खांबाला देते. वरच्या मजल्यावर दळणाच्या दगडी तळ्यांची जोडी असते, त्यातली वरची तळी फिरते. अशी एकेक तळी टनभर वजनाची. पॅरिसच्या पूर्वेकडच्या ला फेर्ते-सू-झुआरच्या खाणींतला गारेसारखा कठीण दगड यासाठी जगभर नावाजलेला होता. त्याचे तुकडे जुळवायचे, वर लोखंडी पट्टा चढवायचा, आणि पीठ जाड पडू लागलं की तळ्या उचलून पुन्हा टाकी लावायची. जात्यावर दळण दळणाऱ्या घरांना हे काही नवं नाही.

धान्याची पोती चाकाच्याच बळावर माळ्यावर चढत. वाटेतली फळ्यांची झाकणं पोत्याच्या धक्क्याने उघडत आणि आपल्याच वजनाने मिटत. तिथून पुढे सगळं काम उताराचं: माळ्यावरून धान्य तळ्यांत, तळ्यांतून पीठ खाली. मजल्यांची उंची म्हणूनच चाकं आणि नळ्या ठरवतात, राहणाऱ्याचं डोकं नव्हे. मला यातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते ती तळ्या पेलणारा जाडजूड लाकडी सांगाडा. अनेक गिरण्यांत तो भिंतींपासून सुटा उभा असतो. दळताना होणारी थरथर दगडी बांधकामात उतरू नये, एवढ्यासाठी गावच्या सुतारांनी केलेली ही योजना.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलादी रोलरच्या मोठ्या गिरण्या आल्या आणि खेड्यांतल्या पाणचक्क्या एकामागून एक थांबल्या. रिकाम्या इमारती घरं म्हणून विकल्या गेल्या. नव्या मालकांपैकी कितीतरी जण पहिल्यांदा हा सांगाडाच कापतात, दात्यांची चाकं भंगारात घालतात आणि ओल येते म्हणून पाट बुजवतात. उरतं ते नदीकाठचं एक दगडी घर. ओल खरी असते, पुराची भीतीही खरी असते. तरीही पाटच बुजवला की इमारतीचा अर्थच जातो.

व्हिलनव्हमध्ये पाण्याला घराच्या मध्यभागी मान मिळाला. दिवाणखान्यात मोठ्या काचेपलीकडे पाणी कोसळताना दिसतं आणि त्याचा आवाज घरभर येतो. एल्झांनी सजावट गावाकडच्या लाकडी सामानाने केली. स्वयंपाकघरात निळ्या फरशा आहेत, आणि घरभर मिळून ३० हजारांच्या आसपास पुस्तकं. एवढी पुस्तकं नदीच्या दमट हवेत राखणं किती कष्टाचं, हे कोकणातल्या ग्रंथपालांना वेगळं सांगायला नको!

फ्रान्समध्ये १७८९ पूर्वीपासूनच्या अनेक गिरण्यांचा पाण्यावरचा हक्क मालकाशी नव्हे, वास्तूशी जोडलेला असतो. पाणी अडवणारी, वळवणारी बांधकामं ढासळून नाहीशी झाली तर हक्कही जातो. बंधारा आणि पाट राखण्याला कायद्यानेच कारण दिलं आहे, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

एल्झा १६ जून १९७० रोजी याच घरी वारल्या. त्यांच्या खोलीतलं कॅलेंडर अजून त्याच तारखेवर आहे. आरागाँ १९८२ मध्ये गेले. दोघांची कबर गिरणीच्या आवारातच आहे. आरागाँ यांनी वास्तू फ्रान्स सरकारला दिली आणि १९९४ पासून ती संग्रहालय म्हणून खुली आहे. पॅरिसला जाणार असाल तर एक दिवस या गावासाठी ठेवा, आणि आत गेल्यावर पुस्तकांआधी ती काच शोधा.