साच्याची रेघ

तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहनकाळातल्या मातीच्या मूर्ती आहेत. पुढची बाजू एका साच्यात दाबायची, मागची दुसऱ्यात, मग दोन्ही सांधायच्या, अशी ती रीत. सांध्यावरची रेघ कुणीतरी पुसून काढलीच असणार. प्लॅस्टिकची मोटार जोडायला बसलो की मला तेर आठवतं, कारण इथंही पहिली गाठ साच्याच्या रेघेशीच पडते.

हा छंद बाहेरचा. अमेरिकेच्या एएमटीने १९५८ साली १/२५ मापाचे मोटारींचे किट काढले. जपानमधल्या शिझुओकाच्या तामियाने १९६७ मध्ये होंडाची फॉर्म्युला वन गाडी १/१२ मापात आणली. धाराशिवात बसून मी सगळं कुरिअरनेच मागवतो.

डबा उघडला की बघणारे आधी रंगाचं विचारतात. रंगाला अजून आठवडा असतो. साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य भागांवर राहिलेलं असतं. ते साबणाच्या पाण्याने धुवायचं. मग ब्लेडने रेघ खरवडायची, खड्ड्यात पुट्टी भरायची, वरून पाणीपेपर. त्यावर करडा प्रायमर. हा मोठा चुगलखोर, नजरेतून सुटलेला एकेक ओरखडा उघडा पाडतो. पुन्हा पुट्टी, पुन्हा पेपर. गल्लीतल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्या मिस्त्रींना एकदा बॉडी दाखवली. त्यांनी डोळे मिटून बॉनेटवर बोट फिरवलं. ‘‘सर, इथं लहर हाय,’’ म्हणाले. होती.

पण त्यांचा हात इथं जसाच्या तसा चालत नाही. खऱ्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण ०.१ मिलिमीटर भरतात. तेवढाच थर १/२४ च्या मोटारीवर चढला, तर मोठ्या गाडीच्या हिशेबाने तो २.४ मिलिमीटर झाला! दारांच्या फटी बुजतात, कंपनीचं नाव बुडून जातं. म्हणून हात पातळ मारायचे, मध्ये वाळू द्यायचं. मेटॅलिकमधली चमकी तर या मापात अभ्रकाच्या चुऱ्यासारखी दिसते.

हवेचंही बघावं लागतं. मे महिन्यात गच्चीवर स्प्रे मारला, तर थेंब पोचेपर्यंत सुकतो आणि रंग रव्यासारखा खरखरीत बसतो. पावसाळ्यात थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतला ओलावा धरतो आणि लॅकरवर पांढुरकी साय येते. आपल्याकडे रंगाचा हंगाम दसरा ते संक्रांत. (त्यात दिवाळीच्या साफसफाईची धूळ, हे वेगळंच दुखणं.)

बोअरच्या पाण्यात भिजवलेले डिकल, म्हणजे गाडीवर चिकटवायची चित्रं-अक्षरं, वाळल्यावर कडेने पांढरे डाग उमटले, तेव्हापासून मी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी वापरतो. त्याहून मोठी चूक थिनरची. घाईत हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर लाल रंगात मिसळला. पत्र्याला तो चालतो, पॉलिस्टायरीनला खातो. बघता बघता छप्पर उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारखं भेगाळलं.

ती बॉडी टाकली नाही. नवा रंग आधी तिच्यावर मारून बघतो. आता तिच्यावर अकरा रंगांचे पट्टे आहेत आणि सगळ्यांखालून, तेव्हा आळसाने राहू दिलेली साच्याची रेघ अजून दिसते.