बंद पडलेल्या रेल्वे बोगद्याचा फोटो: अंधारात नेमकं काय टिपायचं?

आजचा विषय आहे वापरात नसलेल्या रेल्वे बोगद्यांचं छायाचित्रण. नंदुरबारच्या श्रोत्यांना हा विषय थोडा लांबचा वाटेल, कारण आपल्याकडची सुरत-जळगाव लाइन तापीच्या खोऱ्यातून जाते. सह्याद्रीसारखा घाट चढायची वेळ तिच्यावर येत नाही. आपल्याकडे रेल्वेचा फोटो म्हटला की नवापूरचं स्टेशन डोळ्यांसमोर येतं. तिथलं अर्धं बाकडं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. त्यामुळे बोगद्यासाठी आपण बोरघाटात जाऊ.

आधी थोडा इतिहास बघू, कारण त्याशिवाय फोटोत काय टिपायचं ते ठरत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बोरघाटाचं काम १८५६ मध्ये सुरू केलं आणि १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. साधारण २५ किलोमीटरच्या अंतरात गाडीला साडेपाचशे मीटरहून जास्त उंची गाठायची होती. त्यासाठी २५ बोगदे खोदले गेले. चढ काही ठिकाणी इतका तीव्र होता की ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. खंडाळ्याजवळ तर वळायलाही जागा नव्हती. म्हणून तिथे उलट फिरायचं स्टेशन केलं. गाडी आत जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. १९२९ च्या सुमारास मुंबई-पुणे मार्गावर वीज आली, नवा मार्ग काढला गेला आणि हा खटाटोप संपला. जुन्या मार्गाचे तुकडे, त्यातल्या बोगद्यांसह, मागे राहिले.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. बोगद्यात पहिली अडचण उजेडाची असते. आत काळोख आणि तोंडाशी लख्ख ऊन. कॅमेऱ्याला एकाच वेळी दोन्ही झेपत नाही. आतलं दिसेल असं एक्सपोजर ठेवलं तर तोंडाचा पांढरा ठिपका होतो, आणि बाहेरचं झाड दिसेल असं ठेवलं तर आत नुसती शाई. यावर आम्ही दोन उपाय वापरतो. पहिला, ट्रायपॉडवर कॅमेरा न हलवता कमी-जास्त एक्सपोजरच्या तीन ते पाच फ्रेम घ्यायच्या आणि नंतर त्या एकत्र करायच्या. दुसरा आणि सोपा, सकाळी लवकर किंवा ढगाळ दिवशी जायचं, म्हणजे बाहेरचं ऊनच मऊ असतं.

दुसरी अडचण फोकसची. अंधारात ऑटोफोकस चाचपडत राहतो. मग भिंतीवर टॉर्चचा झोत टाकायचा, त्या जागेवर फोकस करायचा आणि मॅन्युअलला लावून टाकायचं. आयएसओ १०० किंवा २००, अॅपर्चर एफ/८ आणि शटर दहा ते तीस सेकंद, इथून सुरुवात करा. मोबाइल असला तरी चालेल. नाइट मोड लावा, पण फोन दगडावर किंवा स्टँडवर ठेवा, हातात धरू नका.

आता कळीचा मुद्दा. शटर उघडं असताना टॉर्च कुठून मारायचा? बहुतेक जण कॅमेऱ्याच्या बाजूने समोर मारतात. त्याने भिंत सपाट दिसते, जणू सिमेंटची. टॉर्च भिंतीच्या अगदी जवळून, तिरका, आडवा फिरवून बघा. लगेच खड्डे आणि उंचवटे सावल्यांसकट उठून दिसतात. बेसॉल्टचा काळा कातळ बोलायला लागतो तो इथेच.

त्या खुणांचा अर्थ असा. हे काम झालं तेव्हा डायनामाइट नव्हतं. नोबेलने त्याचं पेटंट घेतलं १८६७ मध्ये, म्हणजे घाट सुरू झाल्यावर चार वर्षांनी. तेव्हा साधी बंदुकीची दारू होती. हाताने भोक पाडायचं, त्यात दारू ठासायची आणि सुरुंग उडवायचा. कठीण खडकात सुरुंग उडाला की कधीकधी भोकाची अर्धी नळी भिंतीत तशीच राहते. तिरक्या उजेडात अशी नळी दिसली की समजा, हे भोक कुणीतरी घणाचे घाव घालून पाडलं होतं.

त्या माणसांची नावं आपल्याला माहीत नाहीत. ऐन भरात या घाटात चाळीस हजारांच्या वर मजूर होते. मजुरी थकली म्हणून १८५९ च्या जानेवारीत दंगा झाला, आणि पुढच्याच वर्षी सरकारने मालक-मजुरांच्या तंट्यांसाठी कायदा केला. त्याच सुमारास कॉलऱ्याने हजारो मजूर दगावले. ठेकेदारही सुटले नाहीत. सॉलोमन ट्रेडवेल काम हाती घेतल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची पत्नी अॅलिस हिने तो ठेका पुढे पार पाडला. तिचं नाव इतिहासात आहे, घण मारणाऱ्यांची नाहीत.

म्हणून आमचा एक आग्रह आहे. 'भुताचा बोगदा' म्हणून हिरवट रंगाचे, धूर सोडलेले फोटो बरेच फिरतात. मजा म्हणून ठीक आहे. पण त्यात हातांच्या खुणा झाकल्या जातात, आणि मेलेल्या माणसांची नुसती करमणूक होते. एक तरी फोटो असा काढा की भिंत नीट दिसेल. शेजारी माणूस किंवा मोजपट्टी ठेवा, म्हणजे आकार कळेल. ठिकाण आणि तारीख लिहून ठेवा. १८३० चा अमृतांजन पूल याच भागात होता, तो एप्रिल २०२० मध्ये पाडला गेला. आता तो बघायचा तर फोटोतच. जुन्या बोगद्यांवरही उद्या अशी वेळ येऊ शकते.

शेवटी जाण्याआधीच्या चार गोष्टी. रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरणं हा गुन्हा आहे, रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बंद बोगद्याकडे जायला चालू रुळांवरून वाट असेल तर तिकडे जाऊच नका. पावसाळ्यात छताचे दगड सुटतात, तेव्हा आत नको. वटवाघळं लटकलेली दिसली तर फ्लॅश बंद करा आणि मागे फिरा. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून गेली तर फुप्फुसाचा आजार होऊ शकतो, म्हणून मास्क हवाच. आणि एकट्याने कधीच जायचं नाही. किमान तिघं असा, एक बाहेर थांबेल.

काही प्रश्न असतील तर जरूर विचारा.